विश्लेषण : इस्रायलला पाठिंबा देणारे सावरकर १९३८ मध्ये ज्यूंबद्दल काय बोलत होते?

दरवर्षी २८ मे आणि २६ फेब्रुवारीला, म्हणजे विनायक दामोदर सावरकर यांच्या जयंती आणि पुण्यतिथीला, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर दोन प्रकारचे संदेश हमखास येतात. पहिल्या प्रकारात सावरकर हे ज्यूंचे आणि इस्रायलचे खंदे समर्थक असतात. दुसऱ्या प्रकारात ते हिटलरचे चाहते आणि ज्यूविरोधी असतात. मग दोन्ही बाजूंचे लोक दिवसभर भांडतात आणि रात्री ग्रुप अ‍ॅडमिन सगळ्यांना शांत राहायला सांगतो.

गंमत अशी की दोन्ही संदेशांना आधार आहे आणि दोन्ही संदेश अर्धवट आहेत. एकच माणूस ज्यूंच्या राष्ट्राचे स्वागत करतो आणि जर्मनीतील ज्यूंच्या हकालपट्टीचा दाखला आपल्या सभेत वापरतो, हे कसे शक्य आहे? त्याचे उत्तर सावरकरांच्या आयुष्यात आणि त्यांनी केलेल्या एका व्याख्येत सापडते.

सावरकर १९३७ पर्यंत कुठे होते?

सावरकर यांचा जन्म २८ मे १८८३ रोजी नाशिकजवळच्या भगूर येथे झाला. १९०४ मध्ये त्यांनी अभिनव भारत ही गुप्त संघटना उभी केली. १९०६ मध्ये ते कायद्याच्या शिक्षणासाठी लंडनला गेले. १८५७ च्या उठावावरचे त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये निघाले. मार्च १९१० मध्ये लंडनमध्ये अटक झाली आणि भारतात आणले जात असताना ८ जुलै १९१० रोजी त्यांनी मार्सेय बंदरात बोटीतून समुद्रात उडी घेतली. पुढे दोन जन्मठेपा, म्हणजे ५० वर्षांची शिक्षा झाली आणि १९११ मध्ये त्यांची रवानगी अंदमानला झाली. तिथून त्यांनी सरकारकडे केलेल्या अर्जांवरचा वाद आजही मिटलेला नाही.

१९२१ मध्ये त्यांना भारतातील तुरुंगात आणले गेले. जानेवारी १९२४ मध्ये सशर्त सुटका झाली. रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचे नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही, अशा त्या अटी होत्या. या काळात त्यांनी अस्पृश्यतेविरोधात काम केले. सर्व जातींसाठी खुले असलेले पतितपावन मंदिर १९३१ मध्ये रत्नागिरीत उभे राहिले. मे १९३७ मध्ये सर्व अटी उठल्या आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अहमदाबादच्या अधिवेशनात ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले.

म्हणजे २७ वर्षांनंतर हा नेता खुल्या सभेत बोलायला मोकळा झाला, तेव्हा जर्मनीत हिटलरची सत्ता येऊन चार वर्षे उलटली होती.

‘हिंदुत्व’ची व्याख्या आणि ज्यू यांचा काय संबंध?

सावरकरांचे ‘हिंदुत्व’ हे इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १९२३ मध्ये नागपुरातून प्रसिद्ध झाले. लेखक कैदेत असल्याने त्यावर त्यांचे नाव नव्हते, ‘एक मराठा’ असे टोपणनाव होते. या पुस्तकात हिंदू कोण, याची व्याख्या आहे. ज्याची पितृभू भारत आहे आणि पुण्यभूही भारतच आहे तो हिंदू, असे तिचे सूत्र आहे.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात त्या अँड गेटसारखी ही व्याख्या चालते. दोन्ही अटी पूर्ण झाल्या तरच उत्तर हो. एक जरी अट चुकली तरी उत्तर नाही. भारतीय मुसलमान आणि ख्रिस्ती यांची पितृभू भारत, पण पवित्र स्थळे अरबस्तानात किंवा पॅलेस्टाइनमध्ये, म्हणून ते बाहेर. चिनी किंवा जपानी बौद्धांची पुण्यभू भारत, पण पितृभू नाही, म्हणून तेही बाहेर. ही दोन्ही उदाहरणे त्याच पुस्तकात आहेत.

ज्यूंचा उल्लेख याच ओघात येतो. ज्यूंचे स्वतंत्र राष्ट्र पॅलेस्टाइनमध्ये उभे राहिले तर आपल्यालाही जवळजवळ त्यांच्याइतकाच आनंद होईल, असे सावरकर लिहितात. इस्रायल समर्थनाच्या संदेशांत हाच भाग फिरतो. पण त्याच वाक्याचा पुढचा भाग सहसा कुणी पाठवत नाही. असे राष्ट्र झाले तर अमेरिका आणि युरोपातील ज्यू आपल्या जन्मभूमीपेक्षा त्या पवित्र भूमीचे हित मोठे मानतील आणि युद्ध झाले तर त्यांची सहानुभूती ज्यू राष्ट्राकडे जाईल, असे गृहीतक तिथे मांडलेले आहे. मुसलमानांविषयीही सावरकरांचा आक्षेप नेमका हाच होता.

म्हणजे स्वागत आणि संशय एकाच वाक्यात आहेत. ज्यू त्यांच्या देशात असतील तर मित्र, दुसऱ्याच्या देशात असतील तर त्यांची निष्ठा शंकास्पद.

निष्ठेबद्दलचा हा संशय कुठून आला?

तो सावरकरांनी शोधलेला नाही. युरोपात ज्यूंवर हा आरोप फार जुना आहे. फ्रान्सच्या लष्करातील कॅप्टन आल्फ्रेड ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्याला १८९४ मध्ये जर्मनीसाठी हेरगिरी केल्याच्या खोट्या आरोपावरून दोषी ठरवण्यात आले. त्याची निर्दोष मुक्तता व्हायला १९०६ उजाडले. जर्मनीत १९३३ मध्ये सुमारे पाच लाख ज्यू होते, लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यातून सुमारे एक लाख ज्यू लढले होते आणि त्यांपैकी सुमारे १२ हजार मारले गेले होते. तरीही युद्धातील पराभवाचे खापर ज्यूंवर फोडले गेले. नाझी पक्षाने हाच समज वाढवून मते मिळवली आणि सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेम्बर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्वच काढून घेतले.

१९३८ मध्ये सावरकर नेमके काय बोलले?

गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूर, मनमाड, पुणे अशी धावते. सावरकरांच्या त्या काळातील चर्चेतल्या भाषणांची ठिकाणे याच वाटेवर किंवा वाटेच्या जवळ आहेत.

पुणे, ऑगस्ट १९३८. परराष्ट्र धोरणावर बोलताना त्यांनी सांगितले की जर्मनीला नाझीवाद आणि इटलीला फॅसिझम स्वीकारण्याचा अधिकार आहे. जर्मनीसाठी काय चांगले, हे तिथल्या लोकांना सांगणारे पंडित नेहरू कोण, असा त्यांचा रोख होता. भारताने कोणत्याही वादाकडे न पाहता स्वतःच्या हिताने मित्र निवडावेत, हा त्यांचा मुद्दा होता.

मालेगाव, ऑक्टोबर १९३८. इथे ते पुढे गेले. राष्ट्र बहुसंख्याकांचे असते, असे सांगून त्यांनी जर्मनीतील ज्यूंचे उदाहरण दिले. ते अल्पसंख्य होते म्हणून त्यांना तिथून घालवण्यात आले, असा त्याचा आशय होता. समोरच्या श्रोत्यांसाठी विषय जर्मनीचा नव्हताच. विषय भारतातील मुसलमानांचा होता. महिनाभरातच, ९ आणि १० नोव्हेंबरच्या रात्री, जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळे आणि दुकाने जाळण्यात व फोडण्यात आली.

नागपूर, डिसेंबर १९३८. हिंदू महासभेच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषणात त्यांनी भारतातील अल्पसंख्याकांची वर्गवारी केली. भारतातील ज्यू संख्येने फार थोडे आहेत, त्यांनी राजकीय किंवा सांस्कृतिक त्रास दिलेला नाही, ते धर्मप्रसार करत नाहीत, त्यामुळे ते सहज सामावून घेता येतील, असे ते म्हणाले. मात्र बाहेरच्या ज्यूंबद्दल सहानुभूती असली तरी त्यांच्या नव्या वसाहती भारतात होऊ देण्याच्या काँग्रेसच्या प्रस्तावाला हिंदूंनी विरोध करावा, अशी भूमिकाही त्यांनी घेतली. परक्यांना आसरा देण्याचे आपल्या पूर्वजांचे औदार्य आत्मघातकी ठरले, असे कारण त्यांनी दिले.

पुन्हा पुणे, जुलै १९३९. केवळ एका भूभागावर राहिल्याने राष्ट्र होत नाही, धर्म, भाषा, संस्कृती आणि विचार एक असावे लागतात, म्हणून जर्मन आणि ज्यू मिळून एक राष्ट्र होऊ शकत नाही, असे त्यांनी मांडले.

या सगळ्यात ज्यूंबद्दल शिवीगाळ नाही. नाझी प्रचारातला वंशद्वेषाचा सूरही नाही. पण ज्यांच्यावर अत्याचार होत आहेत त्यांचा अत्याचार हाच पुरावा म्हणून वापरला जातो, आणि हकालपट्टी हा राष्ट्राचा स्वाभाविक व्यवहार असल्यासारखा सांगितला जातो. ही बाब नजरेआड करता येत नाही.

असे बोलणारे ते एकटेच होते का?

नाही. माधव सदाशिव गोळवलकर यांचे १९३९ मध्ये नागपुरातून निघालेले पुस्तक याहून पुढे गेले. जर्मनीने ज्यूंना हाकलून वंशाभिमानाचा कळस गाठला आणि भारताने त्यातून धडा घ्यावा, असा आशय त्यात आहे. पुढे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने त्या पुस्तकापासून अंतर राखले.

काँग्रेसमध्येही एकमत नव्हते. ज्यू निर्वासितांपैकी कुशल लोकांना भारतात घ्यावे, असे नेहरूंचे मत होते. त्या आशयाच्या ठरावाला सुभाषचंद्र बोस यांचा पाठिंबा मिळाला नाही. महात्मा गांधींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये ‘हरिजन’मध्ये लेख लिहून ज्यूंबद्दल सहानुभूती दाखवली, पण पॅलेस्टाइनवरील त्यांचा दावा मान्य केला नाही. जर्मनीतील ज्यूंनी अहिंसक प्रतिकार करावा, असा सल्लाही दिला. त्यावर मार्टिन बूबर यांच्यासारख्या ज्यू विचारवंतांनी त्यांना जाहीर पत्रे लिहून विरोध केला. ब्रिटिश सरकारही निर्वासितांना दार उघडायला फारसे उत्सुक नव्हते. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ देशांची परिषद झाली, तीही जवळपास निष्फळ ठरली.

वेगळ्या दिशेने विचार करणारे एक नाव आपल्या भागाला जवळचे आहे. १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवून पराभूत झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. १९४२ च्या अखेरीस कॅनडातील एका आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी लिहिलेल्या निबंधात त्यांनी नाझींचा ज्यूद्वेष आणि सनातनी हिंदूंचे अस्पृश्यांशी वागणे यांत विचाराने आणि परिणामाने काही फरक नसल्याचे म्हटले. ज्यूंचेच उदाहरण त्यांनीही वापरले, पण हाकलणाऱ्याच्या बाजूने नव्हे, हाकलल्या गेलेल्याच्या बाजूने.

तेव्हा महाराष्ट्रात ज्यू नव्हते का?

होते, आणि मराठी बोलणारे होते. बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज फार प्राचीन काळी अलिबागजवळच्या नवगाव किनाऱ्यावर जहाज फुटून पोहोचले. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवत. म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. केहिमकर, राजपूरकर, चेऊलकर, दिवेकर ही त्यांची आडनावे गावांवरून आलेली आहेत. मुंबईतील त्यांचे सर्वात जुने प्रार्थनास्थळ १७९६ चे आहे.

सावरकर राजकारणात परतले त्या १९३७-३८ या वर्षी मुंबईचे महापौर डॉ. एलिजा मोझेस होते. ते बेने इस्रायलच. महालक्ष्मी-वरळी भागातील डॉ. ई. मोझेस मार्ग त्यांच्याच नावाचा आहे. पुढे याच समाजातील बेंजामिन अब्राहम सॅमसन भारतीय नौदलात व्हाइस अ‍ॅडमिरल झाले आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुखही होते. डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्यातील शरणागतीच्या वाटाघाटी करणारे जनरल जे. एफ. आर. जेकब हे कोलकात्याच्या बगदादी ज्यू कुटुंबातले.

आता व्याख्या लावून पाहा. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, मराठीत कीर्तने रचणाऱ्या या लोकांची पितृभू भारत ठरते. पण प्रार्थनेत तोंड जेरुसलेमकडे असते. दुसरी अट चुकली. सावरकरांनी त्यांना निरुपद्रवी म्हटले, पण निरुपद्रवी हा पाहुण्याला दिलेला दाखला असतो. घरच्या माणसाला तो लागत नाही.

महायुद्ध आणि त्यानंतर भूमिका बदलली का?

काही अंशी. युद्ध सुरू झाल्यावर सावरकरांनी हिंदू तरुणांना ब्रिटिश सैन्यात भरती होण्याचे आवाहन केले. हे सैन्य जर्मनी, इटली आणि जपानविरुद्धच लढत होते. त्यांचा हेतू हिंदूंचे लष्करीकरण हा होता, हे खरे. पण त्यांना केवळ हिटलरचे अनुयायी ठरवणाऱ्यांना ही गोष्ट अडचणीची आहे.

युद्ध संपेपर्यंत नाझींनी सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली होती. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव आला तेव्हा भारताने विरोधात मत दिले. सावरकरांनी डिसेंबर १९४७ मध्ये निवेदन काढून या मतावर टीका केली आणि ज्यू राष्ट्राचे स्वागत केले. सगळाच पॅलेस्टाइन ज्यूंना मिळायला हवा होता, असे त्यांचे म्हणणे होते.

यात १९२३ च्या पुस्तकाशी विसंगती नाही. ज्यूंची पितृभू आणि पुण्यभू पॅलेस्टाइन, म्हणून तिथे त्यांचे राष्ट्र योग्य. जर्मनीत ते अल्पसंख्य, म्हणून तिथे बहुसंख्याकांचे चालणार. एकाच सूत्राची ही दोन उत्तरे आहेत. इस्रायलला पाठिंबा देणे आणि ज्यू शेजाऱ्याला बरोबरीचा मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून दिसते. तसेच उलटही. इस्रायल सरकारच्या धोरणावर टीका करणारा प्रत्येक जण ज्यूद्वेष्टा नसतो. पण त्या सरकारच्या कृतीसाठी जगातल्या कोणत्याही ज्यू माणसाला जबाबदार धरले, की टीका संपून पूर्वग्रह सुरू होतो.

गांधी हत्येच्या खटल्यात सावरकर आरोपी होते. फेब्रुवारी १९४९ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. भारताने १७ सप्टेंबर १९५० रोजी इस्रायलला मान्यता दिली, पूर्ण राजनैतिक संबंध मात्र २९ जानेवारी १९९२ ला सुरू झाले. तोपर्यंत सावरकर हयात नव्हते. प्रायोपवेशन करून त्यांनी २६ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईत देह ठेवला.

मराठी ज्यूंचे पुढे काय झाले?

१९५१ च्या जनगणनेत देशात सुमारे २६ हजार ज्यू होते. त्यानंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथे त्यांच्यासमोर दुसरीच व्याख्या उभी राहिली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या लग्नाआधी वंशावळ तपासण्याचे आदेश काढले. ते पुरेसे ज्यू आहेत का, असा प्रश्न होता. मोठे आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये ती अट मागे घ्यावी लागली. इथे पुण्यभू बाहेरची म्हणून शंका आणि तिथे पितृभू बाहेरची म्हणून शंका, असा हा फेरा होता.

आज भारतात पाच हजारांहून कमी ज्यू उरले आहेत. भारतीय समाजाने ज्यूंचा छळ केला, असा इतिहास नाही. २००८ च्या मुंबई हल्ल्यात नरिमन हाउसमधील ज्यूंना ठार करणारे दहशतवादी पाकिस्तानातून आले होते. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

गोंदियात बसून हे कशाला वाचायचे?

आपल्यापैकी बहुतेकांनी ज्यू माणूस कधी पाहिलेला नाही. तरीही देशाला एक हिटलर पाहिजे, हे वाक्य चहाच्या टपरीवर आपण सगळ्यांनी ऐकले आहे. हिटलरचे आत्मचरित्र रेल्वे स्थानकांवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी मिळते. बोलणाऱ्याच्या मनात ज्यू नसतातच. शिस्त, वेळेवर धावणारी गाडी आणि कुणीतरी ‘त्या लोकांना’ सरळ करणारा माणूस, एवढेच असते. ते लोक कोण, हे टपरीगणिक बदलते. मालेगावच्या सभेतही ज्यू असेच फक्त उदाहरणापुरते होते.

आणि आपल्या जिल्ह्याचा अनुभव वेगळा आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी गोंदियाच्या बाजारात दुकाने उभी केली. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हिवाळ्यात स्वेटर घ्यायला आपण तिबेटी विक्रेत्यांकडेच जातो. या लोकांची पुण्यभू भारत आहे, पितृभू नाही. मराठी ज्यूंच्या बाबतीत ते नेमके उलटे होते. १९२३ च्या सूत्रात दोघांचेही उत्तर नाही असेच येते. प्रत्यक्षात एकाने मुंबईचे महापौरपद सांभाळले आणि दुसरा ५० वर्षांहून अधिक काळ आपला शेजारी आहे.

२८ मेला संदेश पुन्हा येतील. कोणताही पुढे पाठवण्याआधी त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग एकदा शोधून वाचावा.